मार्जीची बेकरी बंद झाल्याची बातमी

सोमवार, २९ सप्टेंबर १९८६
इस्पितळ, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट

प्रिय मार्जी,

तुझं पत्र आलं आणि माझा खुबा निम्मा बरा झाला. उरलेला निम्मा डॉक्टरांनी बघावा, पगार त्याचाच घेतात. इथे शंभर मैलांवर पडून ऑटर बेंडच्या बातम्या लिहायच्या म्हणजे विहिरीत बसून गावाची पंचाईत करण्यासारखं आहे. पहाटे तुझ्या बेकरीत कॉफी पिता पिता लोक जे बोलतात ते तू मला कळवतेस, म्हणून तर माझं 'मेन स्ट्रीटवरून' हे सदर चालू आहे. नाहीतर बूट घसरून कोर्टाच्या पायऱ्यांवर मी पडले, तसंच तेही पडलं असतं.

पेपर आजच निघाला, संपादकांनी अंक माणसाकरवी इथे धाडला. बुटांचं दुकान बंद होणार ही बातमी वर घेतली, हार्डवेअरवाल्या अर्नेस्टीनने रंग कालवायचं यंत्र आणलं ती खाली. आणि मधोमध तुझ्यासाठी गंमत आहे. कात्रण सोबत पाठवते, पण मला धीर नाही म्हणून इथेच उतरवते:

"उघडलं : जुन्या न्हाव्याच्या जागेत मार्जी डोलन यांची बेकरी. पहाटे पाचला भट्टी तापलेली असते. कोलाची म्हणजे सारण भरलेला गोड पाव आपल्याला नवा नाही, पण खसखशीच्या सारणात संत्र्याची साल किसून घालण्याची यांची तऱ्हा या भागात कुणी पाहिली नसेल. बाई लाजाळू. डाव्या हाताच्या पाठीवर भाजल्याची लांबट खूण आहे, ते भट्टीचं पदकच म्हणायचं. कुठल्या, असं विचारलं तर 'पश्चिमेकडच्या' म्हणून हसतात."

तू मला तीनदा म्हणाली होतीस, माझ्याबद्दल लिहू नका. ठाऊक आहे ग. आपल्याकडे माणूस केकच्या तुकड्यालाही तीनदा नको म्हणतो आणि मग बशी पुसून खातो.

तुझी,
वर्ना स्विगार्ट

---

ऑटर बेंड
२ ऑक्टोबर

वर्नाबाई,

कात्रण मिळालं. तुम्ही मायेनेच लिहिलंत हे मला कळतं.

परवापासून बेकरीत नवी गिऱ्हाइकं येतात. तुमचं कात्रण दाखवून माझा हात बघायला मागतात. मी आता हातमोजा घालते. पीठ मळताना त्रास होतो, पण चालतं.

बातम्या : ग्लॅडिसच्या कॅफेत आता शुक्रवारी तळलेली मासळी मिळणार. बुटांच्या दुकानाच्या काचेवर 'सगळं काढायचं आहे' अशी पाटी लागली आहे आणि लोक दोन्ही पायांचे वेगवेगळे जोडसुद्धा उचलताहेत.

एक विचारायचं होतं. हा पेपर गावाबाहेर कुठवर जातो? आणि पुन्हा माझ्याबद्दल काही छापू नका, एवढं ऐकाच.

मार्जी

---

१४ ऑक्टोबर

प्रिय मार्जी,

कुठवर जातो म्हणून काय विचारतेस! पेपर खपतो थोडा, पण फिरतो फार. आपल्याकडच्या मावश्या-आत्यांना कात्री हातात धरल्याशिवाय पेपर वाचताच येत नाही. वाढदिवसाच्या कार्डात, नाताळच्या कार्डात, काहीतरी कापून घातल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. माझं सदर मिनेसोटापासून टेक्ससपर्यंत असंच पोचतं.

आणि तुझं कात्रण बघ कुठवर गेलं! नेब्रास्काहून एका गृहस्थांचं पत्र आलंय. त्यांच्या आत्याने त्यांना ते धाडलं. अक्षर असं की मोती. त्यांच्या आईची कोलाची अगदी अशीच असायची म्हणे, खसखस आणि संत्र्याची साल. आई गेल्यावर ती चव कुठे मिळाली नाही. वाचता वाचता माझे डोळे भरून आले. बेकरी कुठे आहे, कधी उघडी असते, बाई एकट्याच सांभाळतात का, असं सगळं आपुलकीने विचारलंय.

मी लगेच उत्तर पाठवलं. लिहिलं की पहाटे पाचला या, तेव्हा ती एकटीच असते, निवांत बोलता येईल. दूधवाल्यासाठी मागचं दार उघडं असतं, पुढे कुलूप दिसलं तरी परत फिरू नका. ते म्हणतात, तिला आधी सांगू नका, चकित करायचंय. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीतच आहे.

नाव लायल व्राना. आल्यावर एक तुकडा जास्त वाढ.

तुझी,
वर्ना

---

१६ ऑक्टोबर

वर्नाबाई,

बेकरी आज उघडलेली नाही. मागच्या दाराला पिठाची पोती लावून मी जमिनीवर बसून लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर माफ करा.

लायल व्राना माझा नवरा आहे. माझं नाव लिडा. मार्जी डोलन हे नाव मी बसस्टँडवरच्या एका बाईच्या बॅगेवर वाचलं होतं. ती कोलाची त्याच्या आईची, तिनेच मला शिकवली. आणि हातावरची खूण भट्टीची आहे हे खरं, पण माझा हात आत असताना भट्टीचं दार त्याने लावलं आणि धरून ठेवलं. का, तर मी भावाला पत्र लिहिलं होतं. नंतर त्यानेच मला दवाखान्यात नेलं. तिथे इतका रडला की नर्सनी त्यालाच पाणी दिलं.

तो कुणाला वाईट दिसत नाही. गोगलगाय आणि पोटात पाय. बियाणं विकतो, शेतकऱ्यांच्या बायका त्याला जेवायला ठेवून घेतात. मी पोलिसांकडे गेले होते. त्याने त्यांच्या मुलांची नावं विचारली, कॉफी पाजली, आणि त्यांनीच मला त्याच्या गाडीत बसवून दिलं. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. घरी पोचल्यावर तो म्हणाला होता, "पुढच्या वेळी तुला शोधायला मी कुणाला सांगणार नाही. एकटाच येईन."

ऑटर बेंड हे माझं तिसरं गाव आहे. पहिल्या दोन ठिकाणी मी कुणाशी बोलत नव्हते. इथे बोलायला लागले. वाटलं, आता पुरे झालं. मी तुम्हाला तीनदा नको म्हणाले ते तिन्ही वेळा खरंच नको होतं.

तुमचं उत्तर त्याला कधी पोचलं असेल? बस सोमवारी आहे. पण ही भट्टी मी हप्त्याने घेतलेली नाही, दोन वर्षं भांडी घासून घेतली आहे. ती सोडून जायला पाय उचलत नाही आणि थांबायला जीव धजत नाही.

लिडा

---

१८ ऑक्टोबर

लिडा, पोरी,

पत्र आत्ता वाचलं. करायला गेले एक आणि करून बसले काय. त्याबद्दल मी नंतर आयुष्यभर रडेन, आज वेळ नाही.

व्हरांड्यातल्या फोनवरून अर्नेस्टीनला सगळं सांगितलंय. हे पत्र मिळेल तेव्हा तू माझ्या घरात असशील. पडदे उघडू नकोस. पुढच्या खोलीतला दिवा लावू नकोस. बसने जायचं नाही, रस्त्यात तो समोरून आला तर तुझ्या बाजूला कोण असेल?

संपादकांनाही फोन केला. सोमवारच्या अंकात हे येईल : "बंद झालं : मार्जी डोलन यांची बेकरी. बहिणीच्या आजारपणामुळे बाई ऑरेगनला कायमच्या गेल्या. गावाला चुटपुट लागली आहे." या सदरात मी आजवर जाणूनबुजून खोटं छापलेलं नाही. एकदा एका माणसाला जिवंतपणी स्वर्गवासी केलं होतं, पण ती चूक होती. हे मात्र सरळसरळ खोटं आहे आणि ते मला गोड लागतंय.

त्या व्रानालाही तेच कळवलंय. ग्लॅडिसला आणि चार जणींना खरं काय ते सांगितलंय. त्या कुणाला बोलणार नाहीत.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण मीच घाबरले आहे.

वर्ना

---

तुमच्या स्वयंपाकघरातून
बुधवार, २२ ऑक्टोबर

वर्नाबाई,

तो आला आहे. काल दुपारपासून गावात आहे.

'बंद झालं' ते त्याने वाचलं, तुमचं पत्रही वाचलं. अर्नेस्टीन मागच्या दाराने येऊन सांगते. तो कॅफेत बसतो, टोपी काढून बोलतो. "उशीर झाला म्हणायचा," असं म्हणाला आणि डोळे पुसले. ग्लॅडिसला खरं माहीत असूनही तिने त्याला दुसऱ्यांदा कॉफी ओतली. नंतर अर्नेस्टीनजवळ म्हणाली, "अग, माणूस इतका सभ्य आहे की खोटं बोलताना मलाच लाज वाटली." ऑरेगनात कुठे, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली पोर्टलंड. अर्नेस्टीन म्हणाली सेलम. तिसरी म्हणाली समुद्राच्या जवळ. त्याने तिघींचे आभार मानले आणि मोटेलची खोली आठवड्यासाठी घेतली.

दुसरं सांगते, हसू नका. तुमच्या चार जणींच्या तोंडून काही फुटलं नाही, पण हात गप्प बसत नाहीत. कालपासून तुमच्या मागच्या पायरीवर कॅसरोलची पाच भांडी आली आहेत, ओव्हनमध्ये भाजलेली, वाफाळती. नूडल्सचं, ट्यूनाचं, बटाट्याची दोन, आणि एक काय आहे ते कळत नाही. बुडाला चिकटपट्टीवर प्रत्येकीचं नाव. घरात कुणी नाही असं सगळ्या गावाने म्हणायचं, आणि त्या घराच्या पायरीवर गरम भांडी ठेवायची! मी अर्नेस्टीनला हात जोडले की हे थांबवा. ती म्हणाली, "सांगते. पण माणूस संकटात असताना रिकाम्या हाताने यायचं कसं?"

आणि आता खरं ते. त्याने कॅफेत म्हटलं की वर्नाबाईंनी मला इतकं आपुलकीने लिहिलं, त्या बिचाऱ्या इस्पितळात, अंगणात पानांचा ढीग पडला असेल. शुक्रवारी सकाळी जाऊन झाडून देतो. पुढच्या, मागच्या, दोन्ही अंगणातलं. कुणाला नको म्हणताच आलं नाही. काय कारण सांगणार?

त्याला कळलं आहे की नाही ते मला कळत नाही. त्याला माहीत असतं तेव्हा तो असाच गोड असतो. इथून बाहेर पडले तर मोटेलवरून दिसते, थांबले तर शुक्रवारी तो या भिंतीच्या पलीकडे असेल.

लिडा

---

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, दुपार

लिडा,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. आज शुक्रवार आहे.

अर्नेस्टीनच्या दुकानात फोन केला. वाजत राहिला. ग्लॅडिसच्या कॅफेत केला, शुक्रवारी मासळीच्या दिवशी, तोही वाजत राहिला. पोस्टात केला. औषधाच्या दुकानात केला. अख्ख्या मेन स्ट्रीटवर घंटा वाजताहेत आणि उचलायला एक माणूस नाही. भरदिवसा असं कधी झालेलं मला आठवत नाही.

मग शेरीफच्या डेप्युटीला गाठलं. तो म्हणाला, मिस्टर व्राना का, भला माणूस, सकाळीच आमच्याकडे डोनट ठेवून गेला. मी त्याला माझ्या तोंडून कधी न निघालेले शब्द ऐकवले. जाऊन बघतो म्हणाला.

नर्सने मला खाटेवर दाबून बसवलंय. कुणाच्या हातून का होईना, चार ओळी पाठव.

वर्ना

---

सोमवार, २७ ऑक्टोबर

वर्नाबाई,

मी जिवंत आहे. आधी हे वाचा, मग बाकीचं.

शुक्रवारी सकाळी त्याने पानं ओढायचं दाताळं अर्नेस्टीनच्याच दुकानातून घेतलं. तिनेच विकलं. गिऱ्हाईक आलं तर नाही कसं म्हणायचं, असं ती अजून रडून सांगते. तो वळणावर गेला मात्र, तिने दुकानाला कुलूप लावलं, घरातलं कालचं भांडं उचललं आणि त्याच्या मागे निघाली. वाटेत ग्लॅडिस दिसली, तिला नुसतं "चल" म्हणाली. ग्लॅडिसने माशाची कढई उतरवली. अशी एकीने दुसरी उचलली.

मी तुमच्या फडताळात बसले होते. पुढच्या अंगणात दाताळ्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, नीट, एकेक ओळ. तो शीळ घालत होता. मग तो आवाज घराला वळसा घालून मागे आला आणि थांबला.

पायरीवर एक भांडं होतं. पहाटे कुणीतरी ठेवलं असावं, मला उघडायचं धाडस झालं नव्हतं. झाकण उचलल्याचा आवाज आला. मग त्याने दारावर बोटाने हळूच टकटक केलं आणि म्हणाला, "लिडा. अजून कोमट आहे ग. ये, दोघं खाऊ."

वर्नाबाई, माझं अंग माझं राहिलं नाही. मी उठून उभी राहिले. दार उघडायला निघाले. इतक्या वर्षांची सवय पायात असते.

तेवढ्यात अर्नेस्टीनचा आवाज आला. हवेबद्दल. "थंडी पडणार आठवड्याभरात," असं म्हणत ती पायरीवर येऊन बसली, दाराला पाठ लावून. मग ग्लॅडिस. मग पोस्टातली, औषधांच्या दुकानातली, चर्चमधल्या बायका, बुटांच्या दुकानाचा म्हातारा. मी पडद्याच्या फटीतून मोजायचं सोडून दिलं. कुणी त्याला एक वाईट शब्द बोललं नाही. जा असंही म्हणालं नाही, तसं म्हणायला त्यांना येतच नाही. मक्याचं पीक, पूल कधी दुरुस्त होणार, कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, असं बोलत राहिले. बोलत राहिले आणि हलले नाहीत. त्याने दोनदा निरोप घेतला. दोन्ही वेळा "बरं मग" म्हणून कुणीतरी नवा विषय काढला.

तास झाला असेल, जास्तही. त्याचं हसू मावळत गेलं. शेवटी म्हणाला, "तुम्ही सगळे केव्हातरी घरी जालच ना?"

अर्नेस्टीन म्हणाली, "जाऊ की. पण एकेक करून, पाळीपाळीने."

त्याने तिचं मनगट धरून तिला पायरीवरून ओढलं. तिच्या मनगटाचा जो आवाज झाला तो मला दारातून ऐकू आला. सगळ्यांनी तो चेहरा पाहिला, वर्नाबाई. मी एकटीने पाहिलेला तो चेहरा, उजेडात, अख्ख्या गावाने. बुटांचा म्हातारा खालीच बसला. आणि तुमचा डेप्युटी वरातीमागून आलेल्या घोड्यासारखा तेव्हाच फाटकात आला. त्यानेही पाहिला.

मग मी दार उघडलं. धाडस म्हणून नाही. अर्नेस्टीन खाली पडली होती आणि तिला उचलायचं होतं.

लिडा

---

३ नोव्हेंबर

लिडा,

पत्र वाचून शेजारच्या खाटेवरच्या बाईला गदागदा हलवून सांगितलं. ती मला वेडी समजते.

डेप्युटीचा फोन आला होता. अर्नेस्टीनच्या मनगटापायी व्रानाला थंडीभर आत ठेवतील, त्यापुढचं आपल्या हातात नाही म्हणाला. म्हणजे तो सुटणार. मी तुला गोड बोलून फसवणार नाही. तुला ऑरेगनला खरंच जायचं असेल तर माझी पुतणी तिथे आहे, भट्टी आम्ही पाठवू.

पेपरात 'बंद झालं' असं माझ्या नावाने छापलेलं आहे. ते तसंच ठेवायचं की दुरुस्त करायचं? तू म्हणशील ते, आणि पहिल्यांदा म्हणशील ते.

वर्ना

---

२४ नोव्हेंबर

वर्नाबाई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. बॅग दोनदा भरली.

मी अजून घाबरते. रस्त्यावर कुणी शीळ घातली तर हातातलं काम टाकून दाराकडे बघते. दूधवाला आता दारातूनच स्वतःचं नाव ओरडून सांगतो. उन्हाळा लागला की लायल येईल हे मला ठाऊक आहे, आणि इथून कुठेही गेले तरी येईल हेही ठाऊक आहे. फक्त दुसरीकडे दाराबाहेर तो एकटा असेल.

बेकरी उघडून आठवडा झाला. पहिल्या दिवशी पहाटे पाचला ग्लॅडिस आली, लोकरीचं विणकाम घेऊन भट्टीजवळच्या स्टुलावर बसली. इथे ऊब असते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोस्टातली आली, तिलाही ऊब हवी होती. रोज कुणीतरी येतं आणि उजाडल्यावर रांग लागली की जातं. कशासाठी ते कुणी बोललेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

छापा. उघडलं असं छापा, आणि नाव लिडा व्राना असं द्या.

आज अर्नेस्टीनची पाळी आहे. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून, भिंतीला डोकं टेकून ती केव्हाच घोरायला लागली आहे. मागच्या दाराची कडी मीच लावली आणि तिच्या पायांवर माझा कोट घातला.

लिडा